गल्लीबोळांतला इतिहास



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतिहासाच्या तासाला मी मुलांना विचारले, "दिल्लीतील चार जुन्या इमारतींची नावे सांगा." भराभर हात वर झाले. लाल किल्ला, कुतुबमिनार, जामा मशीद, हुमायूनचा मकबरा. मग मी विचारले, "आता आपल्या मंठ्यातील सगळ्या गल्ल्यांची नावे सांगा." वर्ग शांत झाला. एकाने घरापासून शाळेपर्यंतची वाट सांगितली, दुसऱ्याने बसस्थानकापासून बाजारापर्यंतची. त्यापुढे कोणालाच काही सांगता येईना.

मुलांना बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता. त्या रात्री मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि ज्या गावात आयुष्य गेले त्या गावाचा नकाशा काढू लागलो. निम्म्याहून अधिक कागद कोरा राहिला. घर, मशीद, शाळा, बाजार, कचेरी, बसस्थानक आणि कब्रस्तान या सात ठिकाणांना जोडणारे रस्ते तेवढे मला ठाऊक होते. बाकीचे गाव माझ्या शेजारी होते, पण माझ्या माहितीत नव्हते.

प्रस्तुत लेखाचा विषय असा आहे की, माणसाने आपल्या गावातील प्रत्येक रस्ता, प्रत्येक गल्ली, प्रत्येक बोळ एकदा तरी पायी चालून पाहावा. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. परंतु इतिहास जाणून घेण्याची ही फार जुनी आणि फार प्रतिष्ठित रीत आहे, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

पायी पाहणारे पूर्वज

चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मोरोक्कोतील तँजिअर या गावचा हा तरुण १३२५ साली हजच्या यात्रेसाठी घराबाहेर पडला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. महंमद तुघलकाच्या दरबारातून चीनकडे वकील म्हणून निघाला असता १३४२ च्या सुमारास तो आपल्या दौलताबादेत आला. त्याने काय लिहून ठेवले? किल्ल्याची उंची तर लिहिलीच, पण तेथील गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार, त्या बाजाराचे तरबाबाद हे नाव, दुकानांतील गालिचे, एवढेच नव्हे तर किल्ल्याच्या तळघरात मांजरांहून मोठे उंदीर आहेत ही ऐकीव हकीकतही त्याने लिहिली. राजांच्या याद्या अनेकांनी लिहिल्या. बाजारातून चालत जाणाऱ्या माणसाच्या नजरेला पडलेले दौलताबाद मात्र इब्न बतूतामुळे आपल्याला मिळाले.

दुसरे उदाहरण सर सय्यद अहमद खान यांचे. त्यांना आपण अलीगढच्या विद्यालयाचे संस्थापक म्हणून ओळखतो. परंतु त्यापूर्वी, दिल्लीत मुन्सफ असताना, या माणसाने सुट्टीचे दिवस दिल्ली आणि तिच्या आसपासचे जुने अवशेष धुंडाळण्यात घालविले. मशिदी, मकबरे, बावड्या, मंदिरे, दर्गे, पडके दरवाजे यांची मापे घेतली, त्यांवरील लेख उतरविले आणि १८४७ साली 'आसार-उस-सनादीद' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख खालून वाचता येत नव्हते. तेव्हा मिनाराला लागून दोन उंच बल्ल्या उभ्या करून त्यांच्यामध्ये एक शिंके टांगीत आणि त्यात बसून सर सय्यद ते लेख वाचीत. खाली उभे असलेले त्यांचे मित्र मौलवी इमाम बक्ष सहबाई यांचा चेहरा भीतीने उतरून जाई, असे सर सय्यद यांचे चरित्रकार मौलाना हाली यांनी नमूद केले आहे.

या श्रमाचे मोल दहाच वर्षांनी कळले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्या दरम्यानची दाट वस्ती जमीनदोस्त केली. हवेल्या गेल्या, मशिदी गेल्या, गल्ल्यांच्या गल्ल्या गेल्या. जे गेले त्यापैकी पुष्कळ गोष्टींची साक्ष आता या ग्रंथातच उरली आहे. गार्सां द तासी यांनी १८६१ साली त्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि १८६४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने सर सय्यद यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. जो माणूस पुढे एका समाजाच्या शिक्षणाचा विचार करणार होता, त्याने आधी आपले जन्मगाव पायी फिरून वाचले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या मराठी भाषेकडे वळू. मराठीत शहराचे सविस्तर वर्णन करणारा पहिला मोठा ग्रंथ एका शाळामास्तराने लिहिला. गोविंद नारायण माडगावकर यांचा जन्म १८१५ साली गोव्यातील मडगावचा. १८२४ साली ते मुंबईस आले, तेथेच शिकले आणि तेथेच शिकवू लागले. १८६३ साली त्यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक निघाले. तो काळ विलक्षण होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेत कापसाचा दुष्काळ पडला होता, हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडण्याचे काम याच सुमारास निघाले. जुने शहर मोडत होते, नवे उभे राहत होते. अशा वेळी या मास्तरांनी रस्ते, तळी, बाजार, देवळे, मशिदी, अग्यारी, छापखाने, शाळा, निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक आणि त्यांचे धंदे यांचे वर्णन बसल्या बैठकीत नव्हे, तर डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले. १८६५ मध्ये ते निवर्तले. पुस्तक मात्र जिवंत राहिले. २००८ साली, म्हणजे तब्बल १४५ वर्षांनी, त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. मुंबईवर लिहिणाऱ्या कोणाही अभ्यासकाला आज या शाळामास्तराच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांच्या पाठोपाठ ना. वि. जोशी यांनी १८६८ साली 'पुणे शहराचे वर्णन' लिहिले, आणि १८८९ साली आचार्य व शिंगणे या जोडीचा 'मुंबईचा वृत्तांत' निघाला.

अगदी अलीकडचे उदाहरण द्यायचे तर न्यूयॉर्कमध्ये मॅट ग्रीन नावाच्या गृहस्थाने २०११ च्या अखेरच्या दिवशी त्या महानगराचा प्रत्येक रस्ता पायी चालण्याचा संकल्प सोडला आणि वर्षानुवर्षे तो चालतच राहिला. त्याच्यावर २०१८ साली एक माहितीपटही निघाला. ज्या शहरात मोटारी आणि भुयारी रेल्वे यांना तोटा नाही, तेथील माणसालाही आपले शहर कळण्यासाठी पायांचाच आधार घ्यावा लागला.

नावांत दडलेले शहर

कोणी म्हणेल, दिल्ली-मुंबईची गोष्ट वेगळी. तर मग जवळचे उदाहरण घेऊ. १६१० साली मलिक अंबर या हबशी वजिराने खडकी हे शहर वसविले. १६२६ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याचा पुत्र फत्तेखान याने त्याला फत्तेनगर असे नाव दिले. १६५३ च्या सुमारास, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. शहराचे नाव इतके वेळा बदलले. परंतु त्याच्या पोटातील मोहल्ल्यांची नावे मात्र शतकानुशतके टिकून आहेत.

तेथील जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगाची आठवण देतो. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याचा पुत्र पदमसिंह याचा आणि भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंग हाडाचा. म्हणजे मोगलांच्या फौजेबरोबर दख्खनेत उतरलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्या आज रिक्षावाल्याच्या तोंडी पत्ता म्हणून जिवंत आहेत. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार, पानदरीबा म्हणजे पानांच्या दुकानांची गल्ली. आणि लोटाकारंजा? त्या नावातील कारंजा हा शब्द आपल्याला थेट मलिक अंबराच्या नहरींपर्यंत घेऊन जातो. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणून हौद आणि कारंजी भरणारी ती व्यवस्था होती. त्याच परंपरेतील पाण्यावर पाणचक्कीतील जाते फिरत असे. पाठ्यपुस्तकात मलिक अंबर दोन-चार ओळींत संपतो. पण त्या शहराच्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला तो पावलोपावली भेटतो.

आपले जिल्ह्याचे ठिकाण जालना घ्या. "जालना, सोन्याचा पाळणा" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. व्यापारउदीमाने गजबजलेल्या या शहरात जमशेदखानाच्या काळातील काळी मशीद आहे, त्याच्याच नावाशी जोडलेला मोती तलाव आहे. किती विद्यार्थ्यांनी ही ठिकाणे पायी जाऊन पाहिली आहेत? जालन्याला आपण बाजाराला जातो, दवाखान्याला जातो, दाखल्याला जातो. पाहायला मात्र जात नाही.

मंठ्याच्या चार वाटा

आता मंठा. आपल्या गावात कुतुबमिनार नाही आणि बावन्न दरवाजेही नाहीत. परंतु म्हणून इतिहास नाही असे समजणे ही मोठी चूक होईल. गावाबाहेर पडणाऱ्या चार मोठ्या वाटांचाच विचार करा : एक जालन्याकडे, एक जिंतूरकडे, एक परतूरकडे आणि एक लोणारकडे.

परतूरची वाट म्हणजे रेल्वेची वाट. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि तो परतूरवरून गेला, मंठ्यावरून नव्हे. रेल्वे जेथून जाते तेथे जिनिंग, अडत आणि वखारी उभ्या राहतात. जेथून जात नाही त्या गावाला बैलगाडीच्या आणि पुढे मोटारीच्या रस्त्यावर विसंबावे लागते. मंठ्याचा बाजार रस्त्यांच्या मिलनावर वाढला, स्थानकाभोवती नव्हे, हे समजण्यासाठी नकाशापेक्षा आपले पाय जास्त उपयोगी पडतात.

लोणारची वाट तर याहूनही बोलकी आहे. लोणारचे उल्कापाताने झालेले सरोवर जगप्रसिद्ध आहे. परंतु त्या वाटेवर पूर्वी एक सरहद्द होती, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. मंठा निजामाच्या राज्यात होता. लोणार वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी रुपया. निजामी राज्याच्या हद्दीवर मालावर जकात घेणारे करोडगिरी हे स्वतंत्र खातेच होते. कारभाराची भाषा येथे १८८४ नंतर फारसीच्या जागी उर्दू झाली. १९४८ साली निजामी राज्य संपल्यावरही ही वेगळीक लगेच गेली नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मंठा हैदराबाद राज्यात होता आणि लोणार मध्य प्रदेशात. म्हणजे मंठ्याची लेक लोणारला दिली, तर ती परराज्यात नांदायला जाई!

याच्यापुढची गंमत पाहा. १९४० साली मंठ्यात जन्मलेल्या माणसाची कल्पना करा. तो आपल्या घरातून कोठेही हलला नाही. तरी त्याचा जन्म निजामाच्या राज्यातला. सप्टेंबर १९४८ नंतर तो भारतातील हैदराबाद राज्याचा रहिवासी झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचा. १ मे १९६० ला महाराष्ट्राचा. त्याचा जिल्हा परभणी होता, तो १ मे १९८१ ला जालना झाला. त्याचा तालुका परतूर होता, तो १९९२ मध्ये मंठा झाला. घर तेच, उंबरा तोच. पत्ता मात्र पुन्हा पुन्हा बदलला. म्हणून तर आपल्या जुन्या नोंदी शोधणाऱ्याला परतूर आणि परभणी या नावांना विसरून चालत नाही. असा माणूस कदाचित आपल्याच गल्लीत आज हयात आहे. त्याच्यापाशी कोणी बसले आहे काय?

काय पाहावे, कसे पाहावे

चालण्याला फार तयारी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दर रविवारी सकाळचा एक तास पुरे. मात्र पाहण्याची दृष्टी हवी. अनुभवाने काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, पाणी. नळ येण्यापूर्वी गाव पाण्याभोवती वसत असे. आड, विहिरी, बारव, ओढा कोठे होते ते विचारावे. पुष्कळ आड आज बुजले आहेत, काहींवर ओटे झाले आहेत. परंतु तीन-चार बोळ एका ठिकाणी उगाच एकत्र येत असतील, तर तेथे कधीकाळी पाणी असण्याचा संभव असतो. कोण कोणत्या आडावर पाणी भरत होते आणि कोणाला भरू दिले जात नव्हते, हेही विचारावे. उत्तर नेहमी सुखावह असेलच असे नाही. पण तोही इतिहासच आहे.

दुसरी गोष्ट, पांढरी. जुने लोक गावाचे दोन भाग मानीत : शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या मातीच्या भिंती पडत आणि त्यावर नव्या उठत. त्यामुळे पांढरी उंच होत जाई. चालताना पायांना चढ जाणवला की समजावे, येथे जुनी वस्ती आहे. माळवदाची घरे, दगडी जोते, सागवानी चौकट, कोनाडे, दाराच्या कड्या यांची नोंद घ्यावी. आज जेथे स्लॅब पडतो तेथे काल काय होते, ते घरातील म्हातारीला विचारावे.

तिसरी गोष्ट, धंदे. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात जुन्या गावातील अलुत्या-बलुत्यांचे जग लिहून ठेवले. त्यात मुलाण्यालाही स्थान आहे. आपल्या समाजातील आतार, तांबोळी, मणियार, पिंजारी, बागवान, मोमीन, कसाब ही आडनावे म्हणजे एकेकाळचे हात आहेत. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज ऐकलेली पिढी अजून आहे; ती धनुकली पाहिलेला मुलगा मात्र सापडणे कठीण. कोणत्या गल्लीत कोणता धंदा चाले, तो केव्हा बंद पडला आणि त्या घरची मुले पुढे काय करू लागली, एवढी तीन उत्तरे मिळाली तरी एका गल्लीचा अर्थशास्त्रीय इतिहास तयार होतो.

चौथी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा उमगली. गावाचा सर्वांत जुना नकाशा कचेरीत नसतो. तो मिरवणुकांच्या वाटेत असतो. उरुसाचा संदल, मोहरमची सवारी, पोळ्याचे बैल, देवीची पालखी, नवरदेवाची वरात, आणि सर्वांत शेवटी जनाजा किंवा प्रेतयात्रा, या सर्वांच्या वाटा ठरलेल्या असतात. नवा रुंद रस्ता झाला तरी मिरवणूक जुन्या अरुंद बोळातूनच जाते. का जाते, असे विचारले की "पूर्वीपासून जाते" हे उत्तर मिळते. त्या "पूर्वीपासून"मध्येच गावाचा जुना हमरस्ता, जुनी वेस आणि जुना शेजार लपलेला असतो.

पाचवी गोष्ट, १९७२. त्या वर्षीच्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला गेली. त्या हातांनी झालेले रस्ते आणि पाझर तलाव आजही आपण वापरतो. मिलो ज्वारीच्या भाकरीची आणि सुकडीची चव अजून ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांच्याकडून कोणता रस्ता कोणी केला ते लिहून घ्यावे. रस्त्याला नेत्याचे नाव असते. तो करणाऱ्यांची नावे कोठेच नसतात.

ज्या गल्लीत आपण जात नाही

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. माझ्या नकाशाचा निम्मा कागद कोरा राहिला, तो रस्ते नव्हते म्हणून नव्हे. त्या गल्ल्यांत माझे काही काम नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो होतो. प्रत्येक गावात अशा न दिसणाऱ्या वेशी असतात. आपल्या मोहल्ल्यातील मुलगा शेजारच्या वस्तीत जात नाही, तिकडचा इकडे येत नाही. गावकुसाबाहेर ढकललेल्या वस्तीत तर दोघेही जात नाहीत. सर्वच गल्ल्या चालायच्या असा नेम केला की ही सोयीची अडचण मोडावी लागते. सुरुवातीला लोक संशयाने पाहतात, "कोणाकडे काम आहे?" असे विचारतात. "काम नाही, आजोबा, गाव पाहतो आहे," असे अदबीने सांगितले की बहुधा बसायला पाट आणि प्यायला पाणी मिळते. मला तरी असाच अनुभव आला.

आठवणी मात्र सर्व घरांत सारख्या नसतात. १९४८ च्या सप्टेंबरचेच पाहा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण शाळेत ध्वजवंदन करून साजरा करतो आणि तो आपल्या सर्वांचा दिवस आहे. त्याआधीच्या काळात रझाकारांच्या जुलमाने होरपळलेली घरे या भागात होती. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध असूनही ज्यांचे कर्ते पुरुष गेले, अशीही घरे होती; पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा करून हे दुःख नोंदविले आहे. दोन्ही घरांतील म्हाताऱ्या माणसांनी पुष्कळ काही मनात ठेवून मुलांना वाढविले. त्यांच्याकडे जावे ते हिशोब मांडण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. एका गल्लीचे ऐकून दुसऱ्या गल्लीत गेलो नाही, तर जे हाती येते तो इतिहास नसतो, ती तक्रार असते.

आणि मुलींचे काय? मुलगे गावभर फिरतात, त्यांना कोणी अडवीत नाही. मुलींना घर, शाळा आणि नातेवाईक एवढेच गाव दिसते. पालकांना माझी विनंती आहे की, हे काम मुलींनाही करू द्यावे. चार मैत्रिणी, बरोबर एखादी फुफी, खाला किंवा शिक्षिका असावी. शिवाय ज्या घराच्या आत मुलग्याला प्रवेश नाही, तेथे मुलगी सहज जाऊन बसू शकते. दादी-नानींच्या आठवणी, लग्नातील चाली, जात्यावरचे दिवस, बाळंतपणाच्या सुईणी, हा अर्धा इतिहास मुलींशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही.

घाई कशासाठी?

कोणी विचारील, गल्ल्या कोठे पळून जातात? याचे उत्तर मराठवाड्यानेच दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. सरळ रस्ते, आखीव ओळी, सारखी घरे. ते आवश्यकच होते. परंतु जुन्या गावातील पार, बोळ, शेजार आणि त्यांची नावे यांची वही कोणी आधी भरून ठेवली होती? भूकंप नसला तरी रस्ता रुंदीकरण आहे, वाटण्या आहेत, पोटासाठी शहरात गेलेली आणि कुलूप लावलेली घरे आहेत.

२०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली आहे. काम उपयोगाचे आहे. परंतु ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालची गोष्ट दिसत नाही.

कागदांची गोष्टही तशीच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांतून निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. एके काळी या भागात हिंदू-मुसलमान दोघेही उर्दूत अर्ज लिहीत. आज तोच कागद घरचा माणूस वाचू शकत नाही. आपल्या मुलांनी इंग्रजी आणि संगणक तर शिकावाच; पण जुनी उर्दू लिखावट आणि मोडी वाचायला शिकलेला एक मुलगा किंवा एक मुलगी साऱ्या तालुक्याच्या उपयोगी पडेल, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

एक कबुली देऊन हा भाग संपवितो. आमच्या ओळखीत एक बुजुर्ग होते. पेटीत जुने उर्दू कागद जपून ठेवलेले, आणि कोणाचे घर कोणी, केव्हा, कितीला घेतले ते त्यांना तोंडपाठ. मी त्यांना म्हणालो, "चाचा, एक दिवस वही घेऊन येतो, सगळे लिहून घेतो." ते म्हणाले, "आओ बेटा, मैं तो यहीं हूँ." पुढच्या जुम्म्याला जाऊ असे म्हणत मी दोन वर्षे घालविली. शेवटी गेलो तो त्यांच्या जनाज्याला. काही दिवसांनी त्यांच्या घरी चौकशी केली, तेव्हा पेटीतील कागद भिजून गोळा झाले म्हणून टाकून दिल्याचे समजले. घरच्यांचा काही दोष नव्हता. त्यांना लिपी येत नव्हती. दोष माझा होता. मला लिपी येत होती, रस्ता ठाऊक होता, आणि त्यांचे घर माझ्या घरापासून चार बोळ दूर होते.

एक योजना

त्यानंतर मी चालायला लागलो. सगळ्या गल्ल्या पुऱ्या व्हायला पावसाळा धरून आठ महिने लागले. गाव लहान आहे. पण प्रत्येक ओट्यावर थांबावे लागते. आज माझ्याजवळ चार वह्या आहेत. त्यांत चुका असतील, परस्परविरोधी हकीकतीही आहेत. पण तो कागद आता कोरा नाही.

विद्यार्थी मित्रांना सुचवावेसे वाटते की, प्रत्येक वर्गाने एक-एक भाग वाटून घ्यावा. प्रत्येक गल्लीला वहीचे एक पान द्यावे. गल्लीचे आजचे नाव, जुने नाव, पाण्याची जागा, सर्वांत जुने घर, सर्वांत वयस्क माणूस, बंद पडलेला धंदा, मिरवणुकीची वाट, इतके मुद्दे पुरे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख त्याच्या परवानगीने लिहावी. ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळे लिहावे. दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले तर दोन्ही लिहावे. आपण न्यायाधीश नाही. मोबाइल आता घरोघरी आहे, त्यावर आवाज जरूर मुद्रित करावा. पण तो हरवतो, बिघडतो, म्हणून वहीला पर्याय नाही. वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीची मुले तेथून पुढे चालू लागतील.

पालकांनी एवढेच करावे की, मुलगा किंवा मुलगी वही घेऊन निघाली तर "अभ्यास सोडून कोठे भटकतोस?" असे म्हणू नये. हाही अभ्यासच आहे. आणि शक्य असेल तर एखाद्या रविवारी तिच्याबरोबर स्वतःही निघावे. आपल्याच गावात आपल्याला वाट विचारावी लागली, तर लाजू नये. गोविंद नारायण शाळामास्तर होते, सर सय्यद मुन्सफ होते; रोजची कामे सांभाळूनच त्यांनी आपापली शहरे वाचली.

पुढच्या वर्षी मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. दिल्लीच्या इमारती मुलांनी जरूर सांगाव्यात. पण मंठ्यातील गल्ल्यांची नावे विचारताच तितकेच हात वर व्हावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.